उलट्या माणसांचं घर

वामननानांच्या खोलीत पहिल्यांदा आलेला माणूस आधी मान वाकडी करतो. करावीच लागते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोन दोऱ्या ताणलेल्या, दोऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे आणि चिमट्यांना माणसं. सगळी खाली डोकं वर हनुवटी. फेटेवाले, टोपीवाले, नथवाल्या, एक वकीलसाहेब, एक पहिलवान. वटवाघळांसारखे लटकलेले. वीजमीटर वाचायला येणाऱ्यानं एकदा न राहवून विचारलं म्हणे, "नाना, घर उल्टं शे का माणसं?" नानांनी वर न बघता सांगितलं, "तू मीटर वाच."

मला तर पहिल्याच दिवशी राग आला. मला बहुतेक गोष्टींचा आधी रागच येतो. मी म्हणाले, "नाना, हा मृतांचा अपमान आहे."

"कोना अपमान? त्या तर काही बोलतस नही."

नाना फोटोवरून माणसं काढतात. काळ्या पेन्सिलीत, हुबेहूब. गिऱ्हाईक बहुतेक गेलेलंच असतं. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, तरी घरातलं माणूस गेलं की हार घालायला एक धड फोटो सापडत नाही. कुणाच्या तोंडात पंगतीतला लाडू, कुणाच्या खांद्यावर मेहुण्याचा हात, कुणाचा अर्धा चेहरा केकमागे. मग ती माणसं विचारत विचारत जळगावात मेहरूणला येतात, पिठाच्या गिरणीच्या वर, नानांच्या खोलीत. नाना फोटो घेतात, आधी उलटा करतात, मग त्यावर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखतात, तेवढ्याच चौकटी मोठ्या कागदावर आखतात आणि एकेक चौकट भरायला लागतात. शेवटचा दिवस येईपर्यंत चित्र सुलटं करत नाहीत.

"सुल्टा चेहरा देखा का डोकं सांगस, हाई नाक शे. मंग हात नाक काढस. ते त्या माणूसनं नाक नही, तुन्या डोकातलं नाक. उल्टं कर. आते नाक नही, एक टेकडी शे, तिना बाजूले एक सावली शे. टेकडी काढ, सावली काढ. माणूस त्याना पायघाई येस."

म्हणजे माणूस त्याच्या पायानं येतो. नाना मूळचे दोंडाईच्याकडचे. जळगावात आयुष्य गेलं, पण त्यांची बोली काही तिकडून निघाली नाही.

आता माझ्याबद्दल दोन ओळी, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी पत्रकं लिहिते. 'जाहीर निषेध', 'संतप्त सवाल', 'झोपलेल्या प्रशासनाला जाग कधी येणार', ही वाक्यं मी झोपेतही लिहू शकते. खरं सांगायचं तर अलीकडे झोपेतच लिहिते. प्रशासनही झोपेत, मीही. आमच्या वस्तीजवळ हायवेची एक चौफुली आहे. पलीकडे शाळा, दवाखाना, बाजार. अलीकडे आम्ही. हायवे रुंद केला, पण माणसांनी तो ओलांडायचा कसा हे नकाशात दाखवायचं राहून गेलं. त्या चौफुलीवर सुमनअक्का वांगी विकायच्या. आपली भरताची, हिरवी, पांढऱ्या रेघांची. मागच्या हिवाळ्यात टोपलं डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडताना एका डंपरनं त्यांना उडवलं. पेपरात दोन ओळी आल्या, 'वृद्धा ठार'. नावसुद्धा नाही.

भुयारी मार्ग द्या, असं निवेदन घेऊन आम्ही रस्त्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी निवेदन वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कोण बाई?"

त्या दोन शब्दांवर मी वर्षभर जळते आहे. त्यानंतर निवेदनं किती दिली विचारू नका. प्रत्येकाची पोच माझ्याकडे आहे. पोचेची फाईल एवढी जाड झालीय की उशीला घेता येईल. शेवटी ठरवलं, अक्कांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी ऑफिससमोर धरणं धरायचं आणि समोर त्यांचं मोठं चित्र ठेवायचं. कोण बाई? ही बाई. घ्या बघून.

पण अक्कांचा फोटो एकच, मतदान कार्डावरचा. नखाएवढा, काळपट, आणि त्यात अक्का अशा दिसतात की नुकतीच अटक झालीय. ते कार्ड घेऊन मी नानांकडे गेले. वर्षश्राद्धाला वीस दिवस होते.

नानांनी कार्ड हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिले. उलटं केलं नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, आत्ता लिहिताना येतंय. मग ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाले, "ठेवी जाय. देखू."

"किती दिवस लागतील?"

"गिरणीले इचार."

मला वाटलं टाळताहेत. नंतर कळलं, ते खरंच गिरणीवर अवलंबून असतं. खाली चक्की सुरू झाली की वरची फरशी थरथरते आणि नानांची पेन्सिलही. म्हणून त्यांनी कामाची वाटणी करून टाकलीय. गिरणी चालू असेल तेव्हा केस, दाढी, मिशा, फेट्याच्या चुण्या. थरथरीनं केसांना म्हणे झाक येते. गिरणी बंद असेल तेव्हा ओठ. आणि डोळे फक्त वीज गेल्यावर, कारण तेव्हाच गिरणीची पूर्ण खात्री असते. मेहरूणातली गेलेली निम्मी माणसं वीज कंपनीच्या कृपेनं बघू शकतात.

मी दर दोन दिवसांनी जात होते आणि दर वेळी कारण नवीन होतं. कागद सर्दावला. पेन्सिल कडक निघाली. पाव ताजा मिळाला. पावाचा इथं काय संबंध, असं मी ओरडून विचारलं. तर नाना रबर वापरत नाहीत. दोन दिवसांच्या शिळ्या पावातला मऊ गर काढून, त्याची गोळी करून, तिनं कागदावरचं शिसं हलकेच उचलतात. गालावरचा उजेड, नाकाच्या शेंड्यावरचा ठिपका, सगळं पावानं. ताजा पाव चिकटतो. एका सराफाच्या आजोबांच्या कपाळावर एकदा असा ताजा पाव चिकटला आणि रात्रीतून मुंग्यांनी आजोबांच्या भुवया नेल्या. तेव्हापासून नाना पावाच्या बाबतीत घाई करत नाहीत.

त्या वीस दिवसांत मी तिथं बसून बसून त्यांची गिऱ्हाइकं बघितली. चोपड्याहून तीन भाऊ आले होते, केळीवाले. वडिलांना कोट हवा, बोटात अंगठी हवी आणि नाकावरची चामखीळ नको. वडील जन्मभर बंडीत वावरलेले. नानांनी तिघांचं ऐकून घेतलं, सांगितलं तसं काढून दिलं. चित्र न्यायला त्यांची म्हातारी आई आली. तिनं काचेवरून बोट फिरवलं, नाकापाशी थांबवलं आणि मुलांना विचारलं, "हाऊ कोन शे?" नानांनी काच काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि चामखीळ जिथल्या तिथं बसवून दिली. म्हातारी रडायला लागली. तिघे भाऊ कोटाकडे बघत राहिले.

दुसरी एक बाई मोबाईलमधला फोटो घेऊन आली होती. सासूचा, पण कुठल्याशा अॅपमधून काढलेला, गोरापान, एक सुरकुती नाही. नाना म्हणाले, "हाऊ चेहरा शे का खवा?" ती बाई उठून गेली. मी म्हणाले, नाना, गिऱ्हाईक असं तोडू नये. तर मलाच म्हणाले, "तुनं कपाळ मोठं शे. राग तठेच मुक्कामले शे."

माणसांची मापं घ्यायची त्यांची सवय भयंकर आहे. एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत कुणाचंही माप घेतात. बँकेत, रेशनच्या रांगेत, प्रेतयात्रेतसुद्धा. "दोन डोयासमा एक डोया बसाले पाहिजे," हे त्यांचं पालुपद. दोन डोळ्यांच्या मध्ये बरोबर एका डोळ्याची जागा असली की चेहरा शिस्तीचा.

आणि त्यांचा एक नियम होता. ओळखीचा माणूस काढायचा नाही. कितीही उलटा केला तरी ओळखीचा चेहरा आतून सुलटाच दिसतो आणि हात बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. नियम इतका कडक की नानी गेल्या तेव्हा त्यांचं चित्र नानांनी धुळ्याच्या एका चित्रकाराकडून काढून घेतलं. स्वयंपाकाच्या कोपऱ्यावर ते टांगलेलं आहे. त्या घरातलं तेवढं एकच माणूस सुलटं. बारा-तेरा वर्षं झाली असतील, पण नाना अजून जाता येता त्या चित्राकडे बघून पुटपुटतात, "कान चुकाडा त्यानी."

वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले आणि कागदावर चौकटीसुद्धा आखलेल्या नव्हत्या. मी पत्रकाचा गठ्ठा त्यांच्यासमोर आपटला. म्हणाले, "नाना, हे वाचा. ही गंमत नाही. मला अक्का चिडलेल्या हव्यात. डोळ्यांत जाब हवा. साहेबाची खुर्ची हलली पाहिजे."

नानांनी पत्रक घेतलं. चष्मा लावून सावकाश, बोट ठेवून वाचलं. "येमा शासन सात खेप शे," ते म्हणाले. "बाई एकच खेप. तीबी 'सदर महिला'."

मी गठ्ठा परत जवळ ओढला.

"च्या कपमा पेयेत का बशीमा?"

"कोण?"

"तुनी सदर महिला."

मला माहीत नव्हतं.

"हाक मारी तर पहिले डोया फिरेत का मान? हसताना तोंडवर पदर लेयेत का नही?"

हे प्रश्न ते प्रत्येकाला विचारतात, हे मी ऐकून होते. पण घरची माणसं पटापट उत्तरं देत. मला अपघाताची वेळ पाठ होती, डंपरचा नंबर पाठ होता, अर्जाचा जावक क्रमांक पाठ होता. त्या चौफुलीवरून मी रोज गाडीवरून जायचे. अक्कांसमोर एकदाही थांबले नव्हते. आमच्या घरी भाजी मॉलमधून येते.

"त्यांची मुलगी धुळ्याला असते," मी शेवटी म्हणाले. "रेखाताई. ती सांगेल."

"चाल," नाना म्हणाले आणि खुंटीवरची कापडी पिशवी काखेला मारून निघालेसुद्धा.

एसटीत त्यांनी कंडक्टरचं माप घेतलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, मी तिकीट फाडू का फोटो काढता?"

"तुना अर्धा डोया कमी पडी ऱ्हायना," नाना गंभीरपणे म्हणाले.

"कुठं?"

"मधमा."

तो बिचारा पारोळा येईपर्यंत ड्रायव्हरच्या आरशात स्वतःकडे बघत होता. आम्ही धुळ्याला उतरलो तरी बोलला नाही.

रेखाताई देवपूरला राहते, शिवणकाम करते. मी तिला फोनवर सांगितलं होतं, चित्रकार येताहेत. तिनं नानांना खुर्ची दिली, चहा टाकला. नानांनी तिला खिडकीपाशी बसवलं, पेन्सिल धरली, माप घेतलं. "हनुवटी आईनी शे. कान बापना," असं न विचारता सांगून टाकलं. मला तेव्हाही काही वाटलं नाही. कार्डावरून ताडलं असेल, एवढंच वाटलं.

चहा आला. कप घ्यायला नानांनी हात पुढे केला आणि रेखाताई त्या हाताकडे बघतच राहिली. शिसानं काळी झालेली तीन बोटं.

"तुम्ही ते पेन्सिलवाले नाना का?"

नाना चहा बशीत ओतत होते. थोडा सांडला.

"आई सांगायची," रेखाताई माझ्याकडे वळून म्हणाली. "दर बुधवारी एक बाबा येतो, बोटं काळी. अर्धा किलो वांगी घेतो, पण एकेक वांगं उलटं करून बघतो. देठ खाली, बूड वर. आई हसून हसून सांगायची, त्या बाबाले वांगंबी सुल्टं दिसत नही. वांग्यांचा हंगाम संपला की आई गवार, भेंडी घेऊन बसायची, तरी हे यायचेच. उभे राहायचे. आई विचारायची, काय देऊ? हे म्हणायचे, काय शे? आणि हे निघताना आई दर वेळी एकच टोमणा मारायची." ती थांबली. नानांकडे बघून म्हणाली, "सांगू का?"

नाना म्हणाले, "च्यामा साखर जास्त शे."

"'नाना, आजबी एकलाच खाशात का?'"

खोलीत शिलाई मशीनवर एक निम्मं ब्लाउज पडलं होतं. तिघंही त्याच्याकडे बघत बसलो. मग नानांनी पेन्सिलीला टोक केलं, तिची हनुवटी काढली आणि आम्ही निघालो.

परतीच्या एसटीत मी सरळ विचारलं. मला आडवळणानं विचारता येत नाही. "तुम्ही अक्कांना ओळखत होता."

"वांगं वळखीचं व्हतं. बाई कोठे."

"मग नियमाचं काय?"

नाना खिडकीबाहेर बघत होते. वेचणीला आलेला कापूस मागे चालला होता. मग म्हणाले, "बुधवारे पाच मिनिटं. तेले काय वळख म्हणतस का?"

"किती वर्षं?"

"कापूस बरा दिसी ऱ्हायना औंदा," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून खोलीत अक्कांचा कागद लागला. उलटा. मी गेले की नाना तो टॉवेलनं झाकायचे. मला फक्त वरच्या कडेला हनुवटी दिसायची आणि खाली पदराची किनार. गिरणी चालू असताना केस झाले. गिरणी बंद असताना ओठ झाले. डोळे राहिले आणि वीज काही जाईना. एरवी आठवड्यातून दोनदा जाणारी वीज त्या आठवड्यात सूर्यासारखी नेमानं होती. मी आयुष्यात पहिल्यांदा वीज जावी म्हणून वाट बघत होते, आणि चळवळीतल्या माणसानं हे कुणाला सांगायचं?

आदल्या दिवशी दुपारी मी जिना चढत होते तर नाना उतरताना दिसले. ते सरळ गिरणीत गेले. रांगेत दहा-बारा बाया, डब्यांत दादर ज्वारी, गहू. नाना गिरणीवाल्याला म्हणाले, "एक तास बंद ठेव भो."

बायांनी जो गलका केला! एक म्हणाली, पोरं शाळेतून येतील, भाकरी कशाच्या करू? दुसरी म्हणाली, नाना, डोकं फिरनं का? माझ्या पत्रकांना असा प्रतिसाद कधी मिळाला नाही. नाना मधोमध उभे, काळी बोटं पैरणीला पुसत. म्हणाले, "सुमनअक्काना डोया करना शेतस."

गिरणीवाल्यानं आधी ऐकलंच नाही. रांगेतल्या सगळ्यात पुढच्या बाईनं डबा खाली ठेवला. "चौफुलीवरनी का? वांगावाली?"

"हा."

"मंग बंद कर ना रे," ती गिरणीवाल्यावर खेकसली. "देखस काय?"

पट्टा थांबला. बाया डब्यांवर बसल्या. एक तास कुणी मोठ्यानं बोललं नाही. मी जिन्यावर बसून होते. वर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, फक्त पेन्सिलीला टोक केल्याचा आवाज मधूनमधून येत होता. तासाभरानं नानांनी हाक मारली.

चित्र सुलटं होतं. पहिल्यांदा बघितल्यावर मला जो राग आला तो लपवत नाही. अक्का चिडलेल्या नव्हत्या. जाब नव्हता, आक्रोश नव्हता. त्या वर बघत होत्या. मान किंचित तिरपी, एक भुवई उचललेली, आणि ओठाच्या कोपऱ्यात आत्ताच काहीतरी बोलणार असल्यासारखी हालचाल.

"कार्डात तर त्या समोर बघताहेत," मी म्हणाले. "हे तुम्ही कुठून आणलं?"

"कार्डमा तिले फोटोवालानी सांगेल व्हतं, समोर देख."

"आणि इथं?"

नाना पावाची गोळी दोन बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "जमीनवर ठेवजो. खुर्चीवर नही. बांबूले तर बिलकुल नही."

मेलेल्या माणसाचं चित्र जमिनीवर? मला ते पटलं नाही. आम्ही खुर्ची आणली होती, पांढरा कपडा आणला होता, झेंडूचा हार आणला होता. "तुम्ही या ना उद्या," मी म्हणाले. "गर्दीमा मापं चुकतस," नाना म्हणाले आणि पाण्यात बोटं बुडवून बसले.

धरण्याच्या दिवशी आम्ही तीसेक जण होतो. पत्रकात 'शेकडो' लिहिलं होतं. चित्र खुर्चीवर ठेवलं, हार घातला, आणि काहीतरी बिघडलं. अक्का ऑफिसच्या गच्चीकडे बघायला लागल्या. कार्यकर्ते एकमेकांत म्हणाले, अक्का देवाकडे बघताहेत काय? रेखाताई सकाळच्या गाडीनं धुळ्याहून आली होती. ती पुढे झाली, हार काढला, चित्र उचललं आणि पायरीला टेकवून खाली जमिनीवर ठेवलं. स्वतः बाजूला उकिडवी बसली, टोपल्याशेजारी बसतात तशी.

मी समोर उभी होते. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. खालून वर. मला वाटलं, आता विचारतील, काय देऊ? हातातला चालू माईक मी खाली केला.

साहेब बाहेर आले. निवेदनासाठी सवयीनं हात पुढे केला आणि त्यांची नजर खाली गेली. त्यांनी मग चष्मा काढला.

"ह्या होय," ते म्हणाले.

बस, एवढंच. वर्षापूर्वी 'कोण बाई', आज 'ह्या होय'. वर्षभराच्या आंदोलनाची ही कमाई. निवेदन घेतलं, पोच दिली. भुयारी मार्ग अजून नाही. आजही शाळेची पोरं एकमेकांचे हात धरून तो रस्ता पळत ओलांडतात आणि मी पुढचं पत्रक लिहिते आहे. फक्त त्यात आता 'सदर महिला' नाही.

धरणं संपलं तेव्हा चित्र रेखाताईला द्यायचं ठरलं होतं. पण नानांचा निरोप आला, एका कानाचं काम राहिलंय, आधी इकडे पाठवा. पाठवलं. आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात रेखाताईनं संकोचत फोन केला, ताई, आईचं तेवढं बघा ना. मी तशी नानांकडे निघाले. माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. जिना चढता चढता मी वाक्यं जुळवत होते. विलंब, दिरंगाई, मुलीच्या भावना.

भाजलेल्या वांग्याचा वास जिन्यातच आला. दार उघडं होतं. दोऱ्यांवर नवी माणसं लटकत होती, डोकं खाली. नाना माझ्याकडे पाठ करून उभे होते, खांद्यावर ती कापडी पिशवी. नुकतेच बाहेरून आलेले की बाहेर निघालेले, कळेना. त्यांच्यासमोर, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, नानींच्या चित्राखाली, भिंतीला टेकून जमिनीवर अक्का होत्या. सुलट्या. नाना बसलेले नव्हते. शेजारी स्टूल होतं, तरी बसलेले नव्हते. बसल्यावर ती नजर डोक्यावरून जाते. उभं राहिलं तरच बरोबर येते.

पायऱ्यांवर माझी चप्पल वाजली असावी. ते वळले नाहीत.

"कान ऱ्हायना," ते म्हणाले.

मी कानाकडे बघितलं. दोन्ही कान पूर्ण झालेले होते. पाळीवरचं भोकसुद्धा, त्यातल्या जुन्या ओघळासकट. मला चित्रकलेतलं काही कळत नाही, पण ते कान पूर्ण होते.

"आज वार कोणता, नाना?"

"बुधवार." मग पिशवी खुंटीला लावत म्हणाले, "बस. भरीत शे. अर्धा किलोमा दोन जणंसनं व्हस."

मी बसले. नानांनी भाकरी मोडली. पत्रकं लिहायला लागल्यापासून मी एक गोष्ट पाळत आले आहे, खोटं छापायचं नाही. 'शेकडो' सोडून. जेवण झाल्यावर मी बाहेर जिन्यावर आले आणि रेखाताईला फोन लावला.

"ताई, अजून कानाचं काम राहिलंय," मी म्हणाले. "बारीक असतं ते. वेळ लागेल."

पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला.

"भरीत केलंय का त्यांनी?" तिनं विचारलं.

"हो."

"मग राहू दे," ती म्हणाली. "बुधवारपर्यंत राहू दे."

कोणत्या बुधवारपर्यंत, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.